पहिला रुग्ण तपासण्याआधी: वैद्यकीय आणि दंत संशोधनातल्या नवख्यांसाठी

पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात एक प्रसंग हमखास घडतो. विद्यार्थी लॅपटॉप घेऊन येतो, एक्सेलची लांबलचक शीट उघडतो आणि विचारतो, "यावर आता कोणती टेस्ट लावू?" शीटमध्ये दीड वर्षाची मेहनत असते. रकाने चाळीसेक, त्यातले निम्मे 'पुढेमागे लागतील' म्हणून भरलेले. मूळ प्रश्न काय होता असं विचारलं, की तो गाइडचं नाव सांगतो. संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३८ मध्ये एका भाषणात म्हटलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला गाठणं म्हणजे त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणं; प्रयोग कशाने मेला, एवढंच तो फार तर सांगेल.

हा लेख ती शीट उघडण्याच्या आधीच्या काळाबद्दल आहे. तुम्ही मेडिसिनचे असा, दंतवैद्यकातले किंवा प्रयोगशाळेत पेशी वाढवणारे, पहिल्या अभ्यासाचं भवितव्य बहुतेक वेळा पहिला रुग्ण किंवा पहिला नमुना हाती येण्यापूर्वीच ठरून गेलेलं असतं. पायऱ्या क्रमाने सांगतो. मोजमाप आणि मोजदाद या दोन ठिकाणी मात्र मी जास्त रेंगाळणार आहे, कारण पहिले अभ्यास तिथेच बुडतात.

विषयाचा प्रश्न करा

"मला इम्प्लांटवर काहीतरी करायचंय" हा विषय झाला. "मधुमेहात हिरड्या" हाही विषयच. प्रश्नात पाच गोष्टी लागतात: कोणावर, काय करणार, कशाशी तुलना, काय मोजणार आणि किती काळाने. उदाहरणार्थ: हिरड्यांचा मध्यम आजार असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या प्रौढांमध्ये नेहमीच्या खोल सफाईनंतर अमुक जेल लावली, तर नुसत्या सफाईच्या तुलनेत ३ महिन्यांनी पॉकेटची (हिरडी आणि दात यांच्यातल्या फटीची) खोली जास्त कमी होते का? वाक्य लांब आणि रटाळ आहे, पण त्यावरून कुणीही अनोळखी माणूस तुमचा अभ्यास पुन्हा करू शकेल. आकर्षक शीर्षकाची घाई करू नका.

मोजायच्या गोष्टींमध्ये मुख्य एकच ठेवा. बाकीच्या दुय्यम. सगळ्याच मुख्य असल्या की त्यातली जी चांगली दिसेल ती शेवटी मुख्य होते, आणि हे आपलं आपल्यालाही कळत नाही.

प्रश्न तयार झाला की नाही हे बघायची माझी कसोटी साधी आहे. कोऱ्या कागदावर निकालाचा शेवटचा तक्ता काढा. आडव्या ओळी, उभे रकाने, सगळ्या चौकटी रिकाम्या. तो काढता आला तर प्रश्न पक्का. काढताना पेन अडखळलं, तर अजून विषयच आहे.

धारदार प्रश्नाला महागडं यंत्र लागत नाही. दातांवर साचणाऱ्या किटणामुळे हिरड्या सुजतात असा संशय जुना होता. हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात साफ करणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू झाल्यावर त्या बऱ्या झाल्या. कारण आणा, परिणाम बघा, कारण काढून घ्या, परिणाम जातो का ते बघा. १२ माणसं पुरली, कारण परिणाम मोठा होता आणि प्रश्न एकच होता.

आधीचं वाचन याच टप्प्यावर करायचं. पबमेड (वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची) आणि कॉक्रेन (उपचारांवरच्या अभ्यासांचे एकत्रित आढावे) इथून सुरुवात करा. कोणते शब्द टाकून, कोणत्या तारखेला शोधलं ते लिहून ठेवा. सारांश वाचून निबंध बाजूला ठेवू नका, त्यातला 'पद्धती' हा भाग वाचा. तुमच्या प्रश्नाचं चोख उत्तर आधीच मिळालेलं असेल तर प्रश्न बदला. दोन आठवडे गेले, दीड वर्ष वाचलं.

प्रश्नाला शोभेल अशी रचना

एखादी गोष्ट किती जणांत आढळते एवढंच हवं असेल तर एकदाच केलेली पाहणी पुरते. दुर्मीळ आजाराचं कारण शोधायचं असेल तर आजारी आणि निरोगी माणसांचा पूर्वेतिहास ताडून बघायचा. काळाच्या ओघात काय होतं हे हवं असेल तर माणसांचा पाठपुरावा करायचा. उपचार कामाचा आहे का, याला यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आणि 'हे असं का होतं' याला बहुधा प्रयोगशाळा.

नवख्यांना यादृच्छिक चाचणीच खरं संशोधन वाटतं. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफोर्ड हिल यांनी १९५० मध्ये दाखवला तो रुग्णांच्या आणि इतरांच्या सवयी ताडून. चिठ्ठ्या टाकून लोकांना सिगारेट ओढायला कोण लावणार होतं? हेच हिल १९४८ च्या, स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाच्या यादृच्छिक चाचणीमागे होते. प्रश्न बदलला तसं त्यांनी हत्यार बदललं.

तुलनेचा गट मात्र उपचाराच्या कोणत्याही प्रश्नाला हवाच. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला आणि संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. बाकीच्या पाच जोड्या नसत्या तर या सुधारणेचा अर्थ लावता आला नसता. दंतवैद्यकात तुलनेचा गट टाळण्याचा मोह फार होतो, कारण 'आधी आणि नंतर'चे आकडे देखणे दिसतात. एक सापळा सांगतो. ५ मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेट असलेल्याच जागा तुम्ही निवडल्या. त्यातल्या काही जागा त्या दिवशीच्या मोजमापातल्या चुकीमुळे खोल दिसल्या होत्या. तीन महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर सरासरी थोडी खाली येणारच, तुम्ही काहीही केलं नसतं तरी. दुसऱ्या गटातही तेवढीच घसरण दिसली, तर ती जेलची करामत नव्हती हे कळतं.

काय मोजताय आणि रुग्णाला काय हवंय

इथे थांबून विचार करावा लागतो. रुग्णाला दात टिकायला हवाय, दुखणं थांबायला हवंय, जगायचंय. आपण मोजतो पॉकेटची खोली, जंतूंची संख्या, रक्तातला एखादा घटक. या दोन गोष्टींमध्ये पूल आहे असं आपण गृहीत धरतो, आणि कधी कधी तो नसतोच.

याचं सगळ्यात कडू उदाहरण हृदयरोगातलं आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणारे रुग्ण जास्त दगावतात हे माहीत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते अनियमित ठोके दाबून टाकत. तेव्हा ही औषधं जीव वाचवणार हे उघडच, असं डॉक्टरांना वाटलं आणि ती दिली जाऊ लागली. मग 'कास्ट' नावाच्या चाचणीत त्यांची गाठ बिनऔषधी गोळीशी घातली गेली. औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले आणि १९८९ मध्ये चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. ईसीजी सुधारत होता, माणसं मरत होती.

आपल्याकडे इतकं नाट्य नसेल, पण पेच तोच. काचेच्या बशीत एकेकटे तरंगणारे जंतू एखाद्या द्रावणाने पटापट मरतात. तोंडात तेच जंतू दातावर थर करून, स्वतःच्या चिकट आवरणात एकमेकांना धरून राहतात आणि तिथे त्यांना मारायला कितीतरी जास्त तीव्रता लागते. काढलेल्या दातावर फिलिंग किती जोराने ओढल्यावर सुटतं हे यंत्र सांगतं. तेच फिलिंग लाळेत, चावण्याच्या दाबाखाली, गरम-गार खाण्यात पाच वर्षं टिकेल का, हे ते सांगत नाही. म्हणून प्रयोगशाळेतलं काम कमी प्रतीचं ठरत नाही. मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ मध्ये ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून एनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर) अ‍ॅक्रिलिक घट्ट बसतं हे दाखवलं आणि पुढे चिकटवायच्या सगळ्या दंतवैद्यकाला त्यातून वाट मिळाली. फक्त निष्कर्ष लिहिताना 'या द्रावणाने बशीतले जंतू मेले' इथे थांबा. 'हे द्रावण रुग्णांसाठी उपयुक्त आहे' हे वाक्य वेगळ्या अभ्यासाचं आहे.

हात एकसारखा चालतो का?

मोजण्याची गोष्ट ठरली. आता मोजणारा. दोन तज्ज्ञांनी दातांचे तेच १०० पृष्ठभाग तपासले, कीड आहे की नाही एवढंच सांगायचं. दोघांनीही १० ठिकाणी 'आहे' म्हटलं, पण त्यातल्या ४ जागाच सामाईक होत्या. ८४ ठिकाणी दोघांनीही 'नाही' म्हटलं. एकूण एकमत ८८ टक्के. छान वाटतं ना?

आता असं धरा की दोघांनी डोळे मिटून, पण प्रत्येकी दहाच ठिकाणी 'आहे' म्हटलं असतं. तरीही निव्वळ योगायोगाने ८२ टक्के एकमत झालं असतं, कारण बहुतेक पृष्ठभाग निरोगीच आहेत. म्हणजे योगायोगाच्या वर कमावण्यासारख्या १८ पैकी त्यांनी ६ कमावले. हा भागाकार म्हणजे कप्पा: ०.३३. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेलं हे माप दुर्मीळ गोष्टींच्या बाबतीत डोळे उघडतं. निबंधात नुसती एकमताची टक्केवारी दिसली की मी सावध होतो.

म्हणून अभ्यास सुरू होण्याआधी कॅलिब्रेशन करा. दहा-बारा रुग्ण दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचे, मतभेदाच्या प्रत्येक जागेवर बसून बोलायचं, नियम लिहायचे, पुन्हा तपासायचं. एकटेच तपासणार असाल तर त्याच रुग्णांना काही दिवसांनी पुन्हा बोलवा आणि आधीचे आकडे बघू नका. पॉकेट मोजताना प्रोबवर (खुणा असलेल्या बारीक सळईवर) किती जोर देता याने आकडा बदलतो. सुजलेल्या हिरडीत तो आणखी आत जातो. साधारण ०.२५ न्यूटन हा जोर हाताला सवयीचा व्हायला हवा, आणि ती सवय घरगुती वजनकाट्यावर प्रोब टेकवून लावता येते. काट्यावर २५ ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं.

रक्त-लाळेच्या नमुन्यांत चूक यंत्रात शिरण्याआधीच झालेली असते. बारीक सुईतून रक्त जोराने ओढलं की तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढतं. पोटॅशियम-ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या जांभळ्या टोपीच्या नळीतलं रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतलं तर पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम उतरतं. पाहणारा म्हणतो, केवढा गंभीर रुग्ण! लाळ घ्यायची तर सगळ्यांची दिवसाच्या एकाच वेळी, खाण्यापिण्यापासून ठरावीक अंतर ठेवून, चघळायला न देता किंवा सगळ्यांनाच चघळायला देऊन. नमुना घेतल्यापासून गोठवेपर्यंत किती मिनिटं गेली हाही एक रकाना आहे. आणि नमुने सुरुवातीलाच छोट्या कुप्यांत वाटून ठेवा. एकच मोठी कुपी पाच वेळा वितळवून गोठवली तर पाचव्या वेळचा नमुना वेगळाच पदार्थ झालेला असतो.

किती जण? आणि 'जण' म्हणजे कोण?

संख्येचं गणित भीती वाटते तेवढं अवघड नाही. दोन गटांच्या सरासऱ्या ताडायच्या असतील तर एक ढोबळ सूत्र पाठ करा: प्रत्येक गटात लागणारी संख्या म्हणजे १६ गुणिले प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाचा) वर्ग, भागिले पकडायच्या फरकाचा वर्ग. यात ८० टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के चूक (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरलेली आहे. पॉकेटच्या खोलीतल्या बदलाचं प्रमाण विचलन १.५ मिलिमीटर आहे आणि १ मिलिमीटरचा फरक पकडायचा आहे, असं धरा. १६ गुणिले २.२५, म्हणजे प्रत्येक गटात ३६. दहा टक्के लोक परत येणार नाहीत असं धरलं तर ४०.

आता फरक १ ऐवजी अर्धा मिलिमीटर करा. ३६ चे १४४ झाले. फरक निम्मा, माणसं चौपट. किती फरक पकडायचा हे म्हणूनच संख्याशास्त्रज्ञाला विचारायचं नसतं. किती फरकाने रुग्णाचं काही भलं होईल हे तुम्ही सांगायचं असतं. सल्ल्याला जाताना हा आकडा आणि आधीच्या निबंधांतलं विचलन खिशात असलं तर अर्ध्या तासात काम होतं.

आता दंतवैद्यकाचं खास दुखणं. माझ्या पहिल्या अभ्यासात मी २० रुग्णांचे प्रत्येकी १० दात तपासले आणि अभिमानाने २०० लिहिलं. परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती: एकाच तोंडातले दहा दात दहा माणसं नव्हेत. त्या दहा दातांना लाळ एक, ब्रश एक, मधुमेह असेल तर तोही एक. ते एकमेकांसारखे वागतात. त्यांच्यातलं साधर्म्य ०.२ धरलं (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे हुबेहूब), तर संख्या १ अधिक ९ (दहा दातांतून एक वजा) गुणिले ०.२, म्हणजे २.८ ने भागावी लागते. माझे २०० दात खऱ्या अर्थाने ७१ दातांएवढेच बोलत होते. सगळी गणितं कोसळली.

हीच चूक प्रयोगशाळेत वेगळ्या वेषात येते. एका दातातून कापलेल्या सहा कांड्या म्हणजे सहा दात नव्हेत. पेशींच्या एकाच बाटलीतून भरलेले प्लेटमधले आठ खड्डे (पेशी वाढवायच्या छोट्या वाट्या) म्हणजे एकच प्रयोग आठदा मोजला. आठ खड्डे तुमच्या पिपेटचा हात किती स्थिर आहे ते सांगतात. प्रयोग पुन्हा केला असं म्हणायचं तर दुसऱ्या दिवशी, ताज्या पेशी आणि ताजं द्रावण घेऊन.

अर्ध्या तोंडात एक उपचार आणि अर्ध्यात दुसरा, ही रचना माणसं वाचवते, कारण प्रत्येक जण स्वतःशीच ताडला जातो. पण माउथवॉश, अँटिबायोटिक किंवा लाळेत पसरणारं काहीही असेल तर ती वापरू नका. उजवीकडचं औषध डावीकडे जायला परवानगी मागत नाही.

चिठ्ठी कोण उचलतं

यादृच्छिक म्हणजे 'मनाला येईल तसं' नव्हे. एकाआड एक रुग्ण, सम-विषम केस नंबर, सोमवार-मंगळवार, यांतलं काहीच चालत नाही. कारण पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधीच कळलं, की हाडाचा डॉक्टर दयेपोटी फेरफार करतो. जास्त आजारी बाईंना नवा उपचार मिळावा म्हणून त्यांना "उद्या या" म्हणतो.

१९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीचं मोठेपण इथे आहे. औषध फार थोडं उपलब्ध होतं. फुप्फुसाच्या क्षयाचे १०७ रुग्ण. यादृच्छिक आकड्यांवरून गट ठरवून तो बंद पाकिटात ठेवलेला. रुग्णाची भरती नक्की झाल्यावरच पाकीट उघडायचं. एक्स-रे वाचणाऱ्यांना कोण कोणत्या गटातला ते माहीत नव्हतं. सहा महिन्यांत औषधाच्या ५५ जणांपैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीच्या ५२ जणांपैकी १४.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: यादी संगणकावर तुमच्याशिवाय दुसऱ्याने तयार करायची, अपारदर्शक क्रमांकित पाकिटं तिसऱ्याकडे ठेवायची. उपचार करणाऱ्याला गट लपवता येत नसेल, शल्यक्रियेत बहुतेकदा येतच नाही, तर निदान मोजणारा वेगळा माणूस ठेवा.

समितीकडे जाताना

नैतिकता समितीचा अर्ज नवख्यांना कागदी कटकट वाटतो. स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेत १९४० च्या दशकात मानसिकदृष्ट्या अपंग माणसांना मुद्दाम चिकट टॉफ्या देऊन दात किडवले गेले. साखर किती खाल्ली यापेक्षा ती दाताला किती चिकटते आणि किती वेळा खाल्ली जाते हे महत्त्वाचं, हे ज्ञान आपण आजही ओपीडीत वाटतो. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, हे सगळं अशाच गोष्टींमधून आलं आहे.

संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावं आणि त्यात 'नाही म्हटलंत तरी उपचारात फरक पडणार नाही' हे वाक्य ठळक असावं. स्वतःच्याच रुग्णाची संमती शक्यतो स्वतः घेऊ नका. खुर्चीत आ वासून बसलेला माणूस डॉक्टरांना नाही म्हणत नाही. काढलेले दात, उरलेलं रक्त, जुने एक्स-रे वापरायचे असले तरी समितीला विचारा, सूट द्यायची की नाही ते ती ठरवेल. प्राणी वापरायचे असतील तर वेगळी समिती आणि १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेले तीन प्रश्न: त्यांच्याऐवजी दुसरं काही चालेल का, कमी चालतील का, त्रास कमी करता येईल का.

चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवा. २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकं नोंदणी नसलेली चाचणी छापत नाहीत, आणि नोंदणी मागून केली तर तारीखच चुगली करते.

प्रयोगशाळेतल्या सवयी

दात काढल्याबरोबर ओले ठेवा. जंतू मारायला ०.५ टक्के क्लोरामाइन-टी, पुढे थंड डिस्टिल्ड पाणी वेळोवेळी बदलत. फॉर्मलिन किंवा सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवलेला दात चिकटवण्याच्या प्रयोगाला निकामी समजा, कारण दोन्ही डेंटिनमधल्या (एनॅमलखालच्या थरातल्या) कोलॅजन या प्रथिनाला छेडतात. अमाल्गमचं (पाऱ्याच्या मिश्रधातूचं) फिलिंग असलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) कधीच घालू नका; पाऱ्याची वाफ होते. सगळे दात सहा महिन्यांच्या आतले असावेत. तोंडातल्या गरम-गारची नक्कल करायला नमुने ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटूनपालटून बुडवतात. किती फेऱ्या आणि प्रत्येक वेळी किती सेकंद, हे लिहिल्याशिवाय 'थर्मोसायकलिंग केलं' या शब्दांना अर्थ नाही. आणि जोड तुटला तो कुठे, चिकट थरात की दातातच, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दात तुटला असेल तर तुम्ही चिकटवण्याचा जोर मोजलाच नाही.

पेशी वापरणाऱ्यांसाठी: पेशी कुणाच्या आहेत याची खात्री करून घ्या. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये वाढवलेल्या हेला पेशी इतक्या चिवट, की १९६० च्या दशकात तपासल्यावर वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेलाच निघाल्या. आज डीएनएची ठसेतपासणी सहज होते. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जंतूची चाचणीही नियमित करा. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही, आणि निकाल मात्र बदलतो. ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये कडेच्या खड्ड्यांतलं पाणी आधी उडतं. तिथे नुसतं बफर भरा किंवा निदान एकच गट सगळा कडेला लावू नका. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी एका रसायनाचा रंग बदलतात, त्यावरून त्यांची संख्या ताडतात) रंग जास्त आला म्हणजे पेशी जास्त झाल्या असं नाही, त्या जास्त जोमाने श्वसन करत असू शकतात. आणि तुमचा पदार्थ स्वतःच तो रंग तयार करत नाही ना, हे पेशींशिवायच्या खड्ड्यात आधी बघा. वनस्पतींचे अर्क घेऊन काम करणाऱ्या निम्म्या विद्यार्थ्यांना हा खड्डा नंतर आठवतो.

वही बांधीव असावी, पानांना क्रमांक, शाईचं पेन, खाडाखोड एका रेघेने. रसायनांचे लॉट नंबर लिहा. फसलेला प्रयोगही लिहा, त्याच दिवशी.

आकड्यांशी वागणं

भरतीआधी पाच रुग्णांवर सगळा फॉर्म चालवून बघा. प्रत्येक रकान्याचं नाव, एकक आणि शक्य किमती एका वेगळ्या पानावर लिहा. माहिती नसेल तर जागा रिकामी. शून्य हा आकडा आहे, 'विचारलं नाही' असा त्याचा अर्थ होत नाही. स्त्री-पुरुष १-२ की ०-१ हे मध्येच बदलू नका, रंग देऊन माहिती साठवू नका.

चाचणीत रुग्णाचं विश्लेषण ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात करायचं, त्याने जेल वापरली नसली तरी. औषध नीट घेणारे लोक मुळातच वेगळे असतात, ते ब्रशही नीट करतात.

पी-मूल्याबद्दल (प्रत्यक्षात फरक नसताना एवढा किंवा त्याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) एवढंच: ०.०४ आणि ०.०६ मध्ये खंदक नाही. किती फरक पडला आणि तो किती ते कितीपर्यंत असू शकतो, हे आधी लिहा. प्रत्यक्षात फरक नसताना वीस गोष्टी तपासल्या, तर निदान एक तरी 'लक्षणीय' (पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी) निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. त्या वीस गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर. चाळीस रकान्यांची ती शीट आठवा. आणि '६० रुग्णांत एकालाही संसर्ग झाला नाही, म्हणून पद्धत सुरक्षित' असं लिहायचा मोह झाला, तर ३ ला ६० ने भागा. खरं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं, वीसात एक.

लिहिताना

पद्धतींचा भाग अभ्यास चालू असतानाच लिहा. दोन वर्षांनी प्रोबवरच्या जोराचा आकडाही आठवत नाही. यादृच्छिक चाचणीला कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, प्राण्यांवरच्या प्रयोगांना अराइव्ह, या तपासण्याच्या याद्या समोर ठेवा, शेवटी नव्हे तर योजना लिहितानाच. लेखक कोण आणि कोणत्या क्रमाने, हे पहिल्याच महिन्यात बोलून घ्या. अवघड वाटतं, पण निबंध स्वीकारल्यावर ते त्याहून अवघड होतं. तीन दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्या नियतकालिकांच्या गोड ईमेलना उत्तर देऊ नका.

फरक दिसला नाही तरी निबंध लिहा, फक्त 'फरक नाही' असं न लिहिता 'अमुक मिलिमीटरपेक्षा मोठा फरक असण्याची शक्यता कमी' असं लिहा. मूळ कच्चा डेटा तारखेसह एका न बदलता येणाऱ्या फाइलमध्ये जपा आणि तिची प्रत गाइडकडे व विभागाकडे ठेवा. परीक्षकांचे प्रश्न येतात तेव्हा तुम्ही बहुधा विभाग सोडलेला असतो, तुमचा जुना लॅपटॉप धाकट्या भावाकडे गेलेला असतो, आणि १७ क्रमांकाच्या रुग्णाचा डावीकडचा सहावा दात का वगळला, हे कुणाला तरी सांगता यायला हवं असतं.